ट्रेवरच्या पाच गोळ्या

"मग ठरलं," आशालता म्हणाली. "ट्रेवरच्या गोळ्या एका जागी लागल्या, तर मंगळवारी मुकाट्याने न्यूरॉलॉजिस्टकडे यायचं."

"आणि विखुरल्या तर?" देवव्रतने विचारलं.

"तर अपॉइंटमेंट रद्द. तुमच्या हाताबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही मी."

देवव्रतने हे सगळं ट्रेवरला इंग्रजीत समजावून सांगितलं. साक्षीदार असलेला बरा. ट्रेवर म्हणजे गाई विकून निवृत्त झालेला शेतकरी. नेमबाजी क्लबच्या भिंतीवरच्या बहुतेक ढालींवर त्याचंच नाव होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि "येह, नाह, स्वीट अ‍ॅज" म्हणून हो, नाही आणि झकास ही तिन्ही उत्तरं एका दमात देऊन टाकली. मग काडतुसांचा डबा घ्यायला हात पुढे केला. डबा देवव्रतच्या हातातून त्याच्या हातात गेला आणि आतली काडतुसं वाजायची थांबली.

काडतुसं देवव्रतने स्वतः भरलेली होती. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात तो जन्मभर फार्मासिस्ट होता. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. त्याने गॅरेजमध्ये तराजू मांडला. पितळी पुंगळ्या धुवायच्या, त्यांच्या माना एका मापात आणायच्या, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. आशालताने पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं, "हे सकाळपासून गॅरेजमध्ये दारू मोजत बसतात." बहीण तेव्हापासून दर गुरुवारी त्याच्यासाठी उपास करते.

गेल्या वर्षापासून गोळ्या भरकटायला लागल्या. देवव्रत डगमगला नाही. फार्मसीत त्याला शिकवलेलं होतं, की दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं. त्याने दारू बदलली. दारूला ठिणगी देणारे प्रायमर बदलले. गोळीचं वजन बदललं, ती पुंगळीत किती खोल बसवायची ते बदललं. शेवटी दोष रायफलच्या बॅरलला दिला आणि तीही बदलली. गोळ्या भरकटतच राहिल्या. बाकी सगळं स्थिर होतं, असं तो शपथेवर सांगत असे. बाकी सगळ्यात तो स्वतःही येत होता.

चहा बशीत सांडायला लागला, तेव्हा त्याने कप बदलला.

आशालता त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिला कपाचा संशय आला नाही. तिने अपॉइंटमेंट घेतली. ती मिळायला इतके महिने लागले, की तोवर आजार कंटाळून दुसरं घर बघेल अशी देवव्रतला आशा होती. तशी आजाराची त्याला चांगली ओळख होती. त्यावरचं औषध त्याने वर्षानुवर्षं खिडकीतून लोकांना दिलं होतं. घेणारे हात पाहिले होते. दर खेपेला डोस वाढायचा. मग एक दिवस हात यायचे थांबायचे आणि औषध न्यायला मुलगी यायची.

म्हणून दोष काडतुसांचाच असायला हवा होता.

ट्रेवर चटईवर पालथा झाला. रायफल देवव्रतचीच होती. आज वाऱ्यावर ढकलायची सोय नव्हती. पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बंद पडल्यासारख्या उभ्या होत्या. पहिली गोळी सुटली. मग दुसरी. प्रत्येक गोळीनंतर ट्रेवर दुर्बिणीतून बघायचा, मान हलवायचा आणि पुढच्या गोळीला जरा जास्तच वेळ घ्यायचा. पाचवी सुटल्यावर तो उठला आणि गुडघे झटकत म्हणाला, "भंगार आहेत रे, मेट. एक इकडे, एक तिकडे. माझ्या गाईंनी याहून बरा नेम धरला असता."

देवव्रत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला भंगार म्हटलेलं ऐकून खूश झाला.

"बघ!" तो आशालताला म्हणाला. "म्हणत होतो ना? दारूच खराब. ओल धरली असणार. हात काय, हात!"

आशालताने पर्स उघडून फोन काढला. तिचा चेहरा वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा झाला होता. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "करते रद्द."

गोळीबार थांबवायचा लाल बावटा लागला. देवव्रत जवळजवळ पळतच लक्ष्यापाशी गेला. कागद काढायला त्याने हात वर केला आणि तसाच राहिला.

ट्रेवर खोटं बोलला नव्हता. एक गोळी इकडे होती, एक तिकडे. चार गोळ्या चार कोपऱ्यांत होत्या, पट्टी लावून आखल्यासारख्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. पाचवी बरोबर मधोमध होती. तिथे बहुधा हात सवयीनेच गेला असावा. लुडोच्या फाशावर पाचाचे ठिपके असतात, अगदी तसे.

मागून दोघं आली. ट्रेवर पवनचक्क्यांकडे बघत होता, जणू त्या आज पहिल्यांदाच तिथे उगवल्या होत्या.

"येह," तो डोंगराला उद्देशून म्हणाला. "पार भंगार."

देवव्रतने कागद सोडवला. त्याला घडी घालायची होती; कागदाच्या कडा काही केल्या जुळेनात. शेवटी त्याने तो तसाच आशालताच्या हातात दिला. तिने दुसऱ्या हाताने फोन कानाला धरला होता; पलीकडे होल्डवरचं गाणं वाजत होतं.

"ठेव तो फोन, आशा," तो म्हणाला. "इतकी नेमकी काडतुसं मी जन्मात भरली नव्हती."