शोधून दाखवा

वरुणा गावाकडचं गवत आणि उसाची चिपाडं भिजवून नागेंद्ररावांच्या कारखान्यात कप बनायचे. तो आंबूस लगदा सोयराबाई रोज हातांनी कालवायची. तिला कधी किळस वाटली नाही.

"इथं प्लास्टिक औषधालाही सापडणार नाही, सर. शोधून दाखवा!" नागेंद्रराव तपासणीला आलेल्या साहेबांना म्हणाले.

नव्या कपांतून सगळ्यांना वाफाळती फिल्टर कापी आली. सोयराबाईनंही एक कप उचलला.

"अय्यो, तो ठेव!" नागेंद्रराव दबक्या आवाजात खेकसले. "तुझा ग्लास संडासाच्या खिडकीत आहे ना!"

वर्षभर तोंडाला लावलेला तो ग्लास आज हातात घेताना तिला किळस आली.



चिरलेला प्लास्टिकचा ग्लास चिमटीत धरून ती साहेबांपुढे उभी राहिली. "सापडलं, सर."