किन्हीराजाच्या मांडवातला भोंगा

भुताच्या वरातीतही भोंगा लावून येईल, असा गडी होता शेलूबाजारचा पंजाबराव. पण किन्हीराजा गावात, गंगूच्या लग्नात, भरदुपारी त्याची तबकडी अडकू लागली. सनई मध्येच थांबायची आणि कडुनिंबावरच्या भोंग्यातून एक बाई हाक मारायची, "गंगू, चाल वो!"

"बंद कर ना बाप्पा!" नवरीचा बाप पुंजाजी कळवळला. "तिच्या मायचा आवाज हाय हा. तिले जाऊन तीन वर्सं झाली. पोरीनं ओ देली त घेऊनच जाईन थे तिले!"

पंजाबरावानं सुई बदलली. तबकडी पुसली. दांडीवर वजनाला चाराण्याचं नाणं ठेवलं. दुसरी तबकडी लावली, तर तीही तिथंच अडकली. "गंगू, चाल वो!"

शेवटी घामाघूम होऊन त्यानं तबकडी काढली आणि भोंग्याची वायरच उपटली. सगळं गप्प झालं.

"घ्या, झालं दुरुस्त!" तो हसला.

हळदीनं पिवळी झालेली गंगू समोरच बसली होती. एका हातानं तिनं बापाचा हात धरला होता आणि दुसऱ्यानं स्वतःचं तोंड गच्च दाबलं होतं.

वायर उपटलेल्या भोंग्यातून गंगूचाच आवाज आला, "आली वो माय!"