जुनी लाइन

प्लंबरने बेल दाबली तेव्हा आतून काहीतरी आपटल्याचा आणि बाईच्या किंचाळण्याचा आवाज येत होता. बेल वाजली आणि घर एकदम चिडीचूप झालं.

दार उघडताच त्या बाईच्या नवऱ्याने प्लंबरची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं. "महिन्यात तिसऱ्यांदा फुटलाय पाइप! कसलं काम करतोस रे, हरामखोरा?"

प्लंबर स्वयंपाकघरात जाऊन सिंकखाली वाकला. घर जुनं, पाइपही जुना. पण तो गंजून फुटला नव्हता. त्यावर हातोडीचे ताजे घाव होते. त्याने मान वर केली. ती बाई शेजारीच उभी होती. तिचा ओठ फाटला होता आणि ती पायाने हातोडी कपाटाखाली सरकवत होती.

"सावकाश करा हो, दादा," ती पुटपुटली. "तुम्ही घरात असेपर्यंत तरी..."

"झालं का रे?" बाहेरून नवरा गरजला.

दोन हात लांबीचा पाना पेलत प्लंबर उठला आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.



"चूक माझीच, साहेब. आता आख्खी लाइनच उखडावी लागेल. उद्यापासून महिनाभर आम्ही चौघं भाऊ सकाळ-संध्याकाळ इथेच."