पहिला घाणा

“अहो, मीठ आत्ताच लावू का?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

काका खुर्चीत छताकडे बघत बसले होते. छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तळण बंद केलं, दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं. अख्खी गल्ली ज्यांना वेफरवाले काका म्हणायची, ते तीन महिने ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्या दोन शब्दांवर दिवस काढत होते. ताटातलं निम्मं ताटातच राहायचं. काकूंचा जीव तीळतीळ तुटायचा.

सोमवारपासून काकूंनी नवंच खूळ काढलं होतं. भाज्यांचे काप करायचे, त्यांना चमचाभर तेल चोळायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचे. डॉक्टरांना चालतील असे वेफर्स म्हणे! सोमवारी बिटाचे केले. “बिघडले हो, टाकून दिले,” म्हणाल्या. मंगळवारी गाजराचे काप चामड्यासारखे निघाले. बुधवारी रताळ्याचे एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने कच्चे.

आज गुरुवार. आत सुरी चालली होती, एक काप जाड, एक पातळ. ते नुसतं ऐकूनच काकांच्या अंगावर काटा येत होता.

“मग लावूनच टाकते हं मीठ!”

“अगं बाई, थांब!” काका उठून थेट ओट्यापाशी पोचले. “आधी मीठ लावलं की पाणी सुटतं, एवढंही कळत नाही? तीस वर्षं दुकानात केलंस काय?”

“गिऱ्हाइकं सांभाळली,” काकू म्हणाल्या. “मला मेलीला काय कळतंय त्यातलं!”

काकांनी सुरी हिसकावली. पलीकडचा उजेड दिसेल इतके पातळ काप पाडले, फडक्यावर कोरडे केले आणि ट्रेमध्ये सुटे सुटे मांडले. वाफ बाहेर जावी म्हणून ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवला. तेल निदान बोलतं तरी, ही पेटी ठार मुकी, म्हणून काचेला नाक लावून उभे राहिले. घाणा निघाला तेव्हा वरून चिमूटभर मीठ भुरभुरवलं आणि एक काप तोंडात टाकला. कुर्रकन वाजला! काका हसले. मग गॅलरीत जाऊन त्यांनी सगळ्या गल्लीला हाका मारल्या आणि दुपारी दोन वेळा भात मागून घेतला.

काकू शेजारी वाटी द्यायला गेल्या. उरलेले काप ठेवायला काका घट्ट झाकणाचा डबा शोधू लागले. वरच्या फळीवर, पिठाच्या मागे एक सापडला. तो भरलेला होता. बिटाचे काप, सगळे एका जाडीचे, कोरडे ठणठणीत. त्यांनी एक चावून पाहिला. तोही कुर्रकन वाजला. ताजा नव्हता, तीन दिवसांपूर्वीचा. एवढं त्यांच्या जिभेला सहज कळत होतं.

म्हणजे सोमवारी काहीच बिघडलं नव्हतं. पुढचे तीन दिवस मात्र ती चांगल्या भाज्यांची मुद्दाम वाट लावत बसली होती. काकांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

दारात चपला वाजल्या. काकांनी घाईघाईने झाकण लावून डबा होता तिथे सरकवला.

“आणि हे बघ,” ते आवाज चढवून म्हणाले, “उद्या मी आल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही. तुला एकटीला हे या जन्मात जमायचं नाही!”