एलियाहूच्या खडकावर

"पास झालीस, की एलियाहू संदेष्ट्याच्या खडकावर मलिद्याचं ताट ने," आईने शेवटच्या आजारात सांगितलं होतं.

सिपोरा भूगर्भशास्त्रात पहिली आली. पोहे, गूळ, खोबरं कालवून तिने ताट भरलं, तर काका दार अडवून उभे!

"आपल्या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, तोराहच्या हिशेबाने जग सहा हजार वर्षांचंही नाही. तू तोच खडक साडेसहा कोटी वर्षांचा म्हणून लिहून आलीस. आता कुठल्या तोंडाने नेतेस?"

तिचा आवाज प्रार्थनेइतकाच हळू होता. "तोराहमध्ये देवाने जग घडवताना सूर्य चौथ्या दिवशी केला, काका. त्याआधीचे तीन दिवस केवढे होते, कुणी मोजले?"

"तोंड वर करून बोलायला शिकलीस!"

"नाही, तोराह वाचायला शिकले. तुम्हीच शिकवलंत."

काका दारातून हलले नाहीत. ताटावर रुमाल टाकून सिपोरा मागच्या दाराने खडकाच्या वाटेला लागली.