डिझेलमधलं पाणी

तिघरा धरणावरची आपली बोट वडिलांनी नीलमच्या हाती दिली, ते तिच्या मोठ्या भावाला, तरुणला, मुळीच रुचलं नव्हतं. त्याला बोट विकायची होती. त्या रविवारी प्रवासी चढले आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. "बैठ गया ना? बाईमाणसाच्या बस की बात नाही ही," धक्क्यावरून तरुण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. नीलमने प्रवाशांना उतरवलं आणि इंजिनावरची फळी उचलली. डिझेल गाळणारा फिल्टर कुठे असतो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. टाकीतून निघणाऱ्या नळीवर हात ठेवून ती सरकत गेली, तेव्हा मागच्या बाकाखाली तो हाताला लागला. त्याच्या तळाचा स्क्रू सैल करताच खाली धरलेल्या बरणीत डिझेलऐवजी पाणीच पाणी आलं. एवढं पाणी आपोआप येत नाही, आणि डिझेल तर रोज तरुणच भरायचा. तिने वर पाहिलं. त्याने नजर चुकवली. "तुझ्या भल्यासाठीच केलं," तो पुटपुटला. तिने टाकीच्या तळाचं पाणी काढलं, हत्यारांच्या पेटीतला नवा फिल्टर बसवला, नळीत अडकलेली हवा काढली. इंजिन धडधडू लागलं. "उद्यापासून डिझेल मी भरीन. आणि बोट विकायची नाही," ती म्हणाली. "आता दोरी सोड, दादा. लोक खोळंबलेत." प्रवासी पुन्हा चढले, तरुणने मुकाट्याने दोरी सोडली. नीलमने बोट थेट धरणाच्या मधोमध नेली, जिथे जायला तो तिला आजवर मना करत आला होता.