कडी

शहात्तर साली दारूनं नवरा ईरप्पा नेला, तेव्हा दुसऱ्या कुणाचं घर बसू नये म्हणून वळसंगच्या पार्वतम्मानं सोलापुरात नशाबंदी कार्यकर्त्यांचा वर्ग धरला. सोबतच्या बायकांना ती ताठ मानेनं सांगायची, "मालकांना सिद्धरामाची आण घातली अन् खोलीत कोंडलं. तीन दिस लई थरथर कापले, रडले, पर थेंब दिला न्हाय. मरताना तोंडाला वास नव्हता की!"

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटण्याआधी डॉक्टर म्हणाले, "एवढं विसरू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू घरात एकाएकी तोडायची नाही. झटके येऊन माणूस दगावतो. आधी दवाखान्यात आणा."

मग पार्वतम्माचं नाव दोनदा पुकारलं, पण तिला दारापलीकडचा ईरप्पाच ऐकू येत होता, "पारू, कडी काढ की गं. जीव चाललाय."